न्यूरोस्पोराचं घड्याळ नळीत बघताना

न्यूरोस्पोरा ही बुरशी. तिचं जैविक घड्याळ दर फेरीला बीजाणूंचा एक पट्टा उमटवतं. ते बघायचं तर मी तिचं 'बीडी' वाण घेते. रास-१ जनुकातल्या बदलामुळे त्याचे बीजाणूंचे पट्टे बंद नळीतही उठून दिसतात. साध्या वाणात आत साठणारा कार्बन डायऑक्साइड ते दाबून टाकतो.

एक लिटर माध्यमाला व्होगेलचं क्षारांचं ५०-पट द्रावण २० मिली, ग्लुकोज १ ग्रॅम, आर्जिनीन १.७ ग्रॅम, बायोटिन ५० मायक्रोग्रॅम, अगार १५ ग्रॅम. ग्लुकोज सढळ हातानं घातलं की सगळीकडे बीजाणूंचं केशरी पीठ आणि पट्टे पुसट. दोन्ही टोकं वर वाकवलेल्या फूटभर नळीत माध्यम भरून ऑटोक्लेव्ह करायचं (दाबाच्या वाफेत निर्जंतुक), नळी आडवी ठेवून थिजवायची. मग काचेवरचं दव सुकू द्यायचं. ओल्या नळीत बीजाणू पाण्याबरोबर पुढे वाहतात, वाढ तीन ठिकाणांहून सुरू होते आणि नळी फेकावी लागते. माझ्या बहुतेक नळ्या अशाच वाया गेल्यात.

एका टोकाला बीजाणू लावून २५ अंशांवर २४ तास सतत उजेड, मग अंधार. उजेडात डब्ल्यूसी-१ आणि डब्ल्यूसी-२ या प्रथिनांची जोडी घड्याळाचं मुख्य जनुक एफआरक्यू सतत चालू ठेवते, त्यामुळे घड्याळ एका जागी थांबतं. अंधार होताच सगळ्या नळ्या एकाच क्षणापासून, जणू सूर्यास्तापासून, चालू लागतात. रोज ठरल्या वेळी वाढीची कड काचेवर मार्करनं आखायची, तीही लाल दिव्यात. डब्ल्यूसी-१ निळा प्रकाश टिपतं, लाल नाही. मोबाइलचा पडदा मात्र निळा असतो. तो उघडला की घड्याळ सरकलंच समजा.

हिशोब सोपा आहे. २४ तासांत वाढ ३३ मिमी, दोन पट्ट्यांत अंतर ३० मिमी, तर आवर्तन ३० भागिले ३३ गुणिले २४, म्हणजे २१.८ तास. बीडीचं सुमारे २२ येतं, एफआरक्यू जनुकात बदल झालेल्या वाणांपैकी एफआरक्यू-१ चं १६, एफआरक्यू-७ चं २९. कडेचा वेग रोज बदलत असेल तर इन्क्युबेटरचं तापमान आधी तपासा.

जनुक किती चालू आहे हे आरएनएवरून मोजायचं, तर द्रव माध्यमातल्या कवकजालाच्या (बुरशीच्या धाग्यांच्या जाळ्याच्या) चकत्या लागतात. दर चार तासांनी रात्रभर जागणं शहाणपणाचं नाही. चकत्या वेगवेगळ्या वेळी अंधारात सरकवायच्या आणि सगळ्या दिवसाच एकदम काढायच्या. द्रव नायट्रोजनमध्ये जाईपर्यंत लाल दिवाच. उजेड लागला की पंधरा मिनिटांतच एफआरक्यू आणि रंगद्रव्याच्या एएल-३ जनुकाचे आरएनए संदेश वर जातात, आणि आलेखात दिसणारं शिखर दिव्याचं असतं, घड्याळाचं नव्हे. व्हीव्हीडी प्रथिन नंतर हा प्रतिसाद आवरतं, पण गोठवलेला नमुना आवरला जात नाही.

उजेडाची गळती पकडायची तर रंग बघते. एएल जनुकं उजेडात कॅरोटिनॉइड हे केशरी रंगद्रव्य बनवतात, म्हणून अंधारातलं कवकजाल पांढरं राहायला हवं. डब्ल्यूसीचे उत्परिवर्ती (ते जनुक बिघडलेले वाण) उजेडातही पांढरेच राहतात, केशरी फक्त त्यांचे बीजाणू. बीडीच्या 'अंधारातल्या' चकतीवर पिवळसर झाक दिसली, की मी सगळा संच टाकून इन्क्युबेटरच्या दाराला काळी टेप लावते.