भिंतीवरचा फोटो : तुम्ही विचारलंत म्हणून

आमच्या बैठकीच्या खोलीत एक फोटो आहे. अडथळ्यांच्या शर्यतीतल्या आठ फुटी लाकडी भिंतीच्या माथ्यावर मी एक पाय इकडे, एक पाय तिकडे टाकून बसले आहे. अंगभर चिखल आणि बत्तिशी दिसेल असं हसू. लेकाने हौसेने मोठा करून लावला. तेव्हापासून घरी येणारा प्रत्येक जण पाण्याचा पेला हातात घेऊन त्याच्यासमोर थबकतो आणि विचारतो, "अहो, एवढी उंच भिंत कशा काय चढलात?"

आता तुम्हीही विचारलंत म्हणून खरं ते सांगते. मी चढले नाही. मला चढवलं.

हे कबूल करायला मला चार महिने लागले. तोवर "सराव, दुसरं काय!" असं म्हणून मी विषय बदलायचे. कौतुक फुकट मिळत असलं की नको कुणाला असतं? पण फोटो नीट पाहिलात तर डाव्या कोपऱ्यात, खाली, चार बोटं दिसतील. ती माझी नाहीत.

शर्यत आठ किलोमीटरची होती, अडथळे वीस, वय माझं सत्तेचाळीस. तयारी म्हणून मी सहा महिने फक्त धावले. दहा किलोमीटर न थांबता धावता येतं म्हटल्यावर आठ म्हणजे काय, असा माझा हिशोब. अडथळ्यांच्या शर्यतीत धावण्याने कोणी हरत नाही, हरतात ते हातांनी, हे मला पाचव्याच अडथळ्यावर कळलं. तिथे मंकी बार होते, म्हणजे डोक्यावर आडव्या दांड्यांची ओळ, हातांनी लटकत एकीवरून दुसरीवर जायचं. पहिल्या दांडीवरून दुसरीवर गेले, तिसरीवर बोटं आपोआप उघडली आणि मी खालच्या पाण्यात. उघडली म्हणजे मी सोडली नाहीत हो! बोटांनी मला विचारलंच नाही.

नंतर समजून घेतलं. बोटं मिटवणारे स्नायू बोटांत नसतात, कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात असतात. लटकताना ते सतत आवळलेले राहतात, त्यामुळे त्यांच्यातला रक्तप्रवाह दबतो, आणि सैल सोडल्याशिवाय त्यांना दम घेता येत नाही. आपण मात्र घाबरून दांडी गरजेपेक्षा जास्त घट्ट धरतो, शिवाय कोपर वाकवून अंग वर ओढून ठेवतो. दोन्ही चुकीचं. हात सरळ ठेवायचे, झोका कमरेतून घ्यायचा आणि एका दांडीवर जितका कमी वेळ राहता येईल तितकं बरं. त्यात दांडी ओली, कारण आपल्या आधी शंभर जण चिखलाचे हात लावून गेलेले. घरी परतल्यावर दांडीला नुसतं लटकून घड्याळ लावलं तर अकरा सेकंद भरले. अकरा! सहा महिने पायांचे लाड केले होते, हातांकडे कोणी पाहिलंच नव्हतं.

दोराचंही तेच झालं. मी दोर हातांनी चढायला गेले, निम्म्यावर पोचले आणि तिथे लोंबकळत राहिले. शेजारच्या दोरावरून एक शिडशिडीत मुलगी जिना चढावा तशी वर गेली. दोर हातांनी चढायचाच नसतो म्हणे. तो एका पायाच्या बाहेरून घ्यायचा, त्या पायाच्या तळव्याखालून काढायचा, दुसऱ्या पायाने वरून दाबायचा. दोन बुटांमध्ये दोर अडकला की त्यावर चक्क उभं राहता येतं. मग हात वर सरकवायचे, गुडघे पोटाशी घ्यायचे, पुन्हा अडकवायचं, पुन्हा उभं राहायचं. सगळी ताकद मांड्यांची, हात फक्त तोल सांभाळायला. हे मी शर्यत झाल्यावर तीन आठवड्यांनी शिकले, म्हणजे अगदी वेळेवर.

भालाफेकीला एकच संधी होती. लाकडी भाला गवताच्या पुतळ्यात रुतायला हवा. माझा भाला पुतळ्याला आडवा लागला आणि तसाच खाली पडला. चुकलेल्या प्रत्येक अडथळ्यामागे तीस बर्पी. बर्पी म्हणजे उभ्याने खाली बसायचं, पाय मागे फेकून छाती जमिनीला टेकवायची, उठायचं आणि उडी मारायची, हे एक. अशा तीस. मंकी बार, दोर, भाला मिळून माझ्या नव्वद झाल्या. शेवटच्या पंचवीस-तीस बर्पींमध्ये उडी म्हणजे फक्त टाचा उचलणं होतं, आणि मोजायला उभी असलेली स्वयंसेवक मुलगी दुसरीकडे बघत राहिली. तिचं भलं होवो.

काटेरी तारेखालून सरपटताना लोक कोपरं-ढोपरं सोलून घेतात. जागा असेल तर त्यापेक्षा आडवं पडून लाटण्यासारखं गडगडत जावं. वेळ वाचतो, कातडी वाचते, फक्त दुसऱ्या टोकाला उठल्यावर जग थोडा वेळ फिरत राहतं. आणि तोंड बंद ठेवावं. ही थट्टा नाही. 2012 च्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात अशाच एका शर्यतीनंतर 22 जणांना कॅम्पिलोबॅक्टर जिवाणूचा त्रास झाला, जुलाब आणि पोटात कळा. तपासात धागा सापडला तो नकळत गिळलेल्या चिखलाच्या पाण्याचा. ज्या रानात गुरं हिंडतात तिथल्या चिखलात काय काय असतं ते सांगायला नको. मी अर्थात पाण्यात पडताना "आई गं" म्हणून ओरडले होते, म्हणजे तोंड उघडंच. दैव बलवत्तर.

असे थकलेले हात घेऊन मी सोळाव्या अडथळ्यापाशी पोचले. तीच ही भिंत.

माझी उंची पाच फूट दोन इंच. हात वर केला की बोटं साडेसहा फुटांच्या आसपास पोचतात, म्हणजे दीड फूट कमी. जाणकार हे असं करतात: धावत यायचं, एक पाय साधारण कमरेच्या उंचीवर भिंतीवर मारायचा आणि पुढे जाणारा वेग वर वळवायचा. बोटं कडेला अडकली की तिथे लटकत राहायचं नाही, त्याच झोक्यात एक कोपर वर टाकायचं, मग टाच, मग अख्खं अंग. भिंतीजवळ आल्यावर पाय मंदावले की संपलं, सगळा वेग लाकडात जातो. माझे पाय दर वेळी मंदावले. समोर भिंत दिसत असताना तिच्याकडे जोरात धावत जाणं शरीराला पटतच नाही. पहिल्यांदा छाती आपटली, दुसऱ्यांदा गुडघा. तिसऱ्यांदा बोटं कडेला लागली आणि सुटली. मी भिंतीला पाठ लावून खाली बसले. मनात आकडेमोड सुरू झाली: नव्वद आणि तीस, एकशेवीस.

तेवढ्यात एक मुलगा आला, असेल बावीस-तेवीसचा. त्याने काही विचारलं नाही. भिंतीशी एक गुडघा टेकला, दुसरी मांडी पायरीसारखी पुढे केली आणि म्हणाला, "काकू, पाय इथे. गुडघ्यावर नको, मांडीच्या मुळाशी ठेवा." मी म्हटलं, "अरे, माझं वजन..." तो म्हणाला, "लवकर काकू, मागे रांग आहे."

काकू चढल्या. आधी मांडीवर, मग खांद्यावर. भिंतीवर आधीच बसलेल्या एका बाईने माझं मनगट धरलं आणि मला तिचं मनगट धरायला लावलं. चिखलाने तळहात तळहातातून निसटतो, मनगटाला मनगट धरलं तर सुटत नाही. खालून ढकललं, वरून ओढलं, मी माथ्यावर पोचले. फोटो काढणारा समोर उभाच होता. खाली पाहिलं तर तो मुलगा पुढच्या माणसासाठी पुन्हा गुडघा टेकून बसला होता. त्याचं नाव मला माहीत नाही. फोटोतली बोटं त्याची.

चार महिन्यांनी ही गोष्ट एका सहकाऱ्याला सांगितली तर तो म्हणाला, "म्हणजे चीटिंगच की!" मला राग आला, आणि राग आला म्हणजे मनात तीच शंका माझीही असणार. म्हणून नियम शोधत बसले.

तर असं आहे. या खेळात दोन घराणी आहेत आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही. एकीकडे घड्याळाची माणसं. स्पार्टन रेस नावाच्या शर्यतीच्या अव्वल गटात कोणाची मदत घेतली की शिक्षा, पण हौशी गटात खांदा द्या-घ्या, कोणी हरकत घेत नाही. 2014 मध्ये सुरू झालेली या खेळाची जागतिक स्पर्धा आणखी कडक. तिथे मनगटावर पट्टी बांधतात, अडथळा हवा तितक्या वेळा करून बघा, पण सोडून पुढे गेलात तर पट्टी काढून घेतात. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तर आधुनिक पेंटॅथलॉन या पाच खेळांच्या स्पर्धेतली घोडेस्वारी जाऊन तिच्या जागी अडथळ्यांची शर्यत येते आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये एक घोडा उडी घ्यायलाच तयार होईना आणि आघाडीवरच्या खेळाडूचं पदक गेलं, त्या गदारोळानंतर हा बदल झाला. तिथे कुणी कुणाला खांदा देणार नाही हे उघड आहे.

दुसरीकडे टफ मडर, चिखलातलं अडथळ्यांचं आव्हान. 2010 मध्ये सुरू झालं तेच मुळी घड्याळ बाजूला ठेवून. सुरुवातीच्या रेषेवर सगळ्यांकडून शपथ घेतात, त्यात वेळेपेक्षा साथ महत्त्वाची असं म्हणवून घेतात. त्यांचे काही अडथळे एकट्याने होऊच नयेत असे बांधलेले असतात. आणि या सगळ्यांच्या आधीची इंग्लंडमधली टफ गाय शर्यत, 1987 मध्ये सुरू झालेली, भर जानेवारीत, गारठलेल्या पाण्यातून. इतकंच काय, 1900 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पोहण्याचीसुद्धा अडथळा शर्यत होती: सेन नदीत 200 मीटर, वाटेत एक खांब, मग नावांची एक रांग वरून ओलांडायची, दुसरी खालून. ऑस्ट्रेलियाच्या फ्रेडरिक लेनने ती जिंकली. हे वाचून माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही, पण माणसांना हे वेड जुनं आहे एवढा दिलासा मिळाला.

मी हौशी गटात होते, तेव्हा नियमाने चीटिंग नाही. सहकाऱ्याला तसं सांगितलं. "पण मग चढलात असं म्हणू नका," तो म्हणाला. हे मात्र पटलं. म्हणून आता म्हणत नाही.

दुसऱ्या शर्यतीला गेले तेव्हा दांडीला पन्नास सेकंद लटकत होते. सुती टी-शर्ट घरी ठेवला होता, तो ओला झाला की अंगावर दगड बांधल्यासारखा होतो आणि थंडी वाजते ती वेगळी. अंगठी काढून ठेवली होती. कशात अडकली तर बोटाची कातडी सोलून निघते. पायाची नखं कापली होती, बुटांना खोल खाचा होत्या आणि आत शिरलेलं पाणी बाहेर पडायला जाळी होती. मंकी बार झाले. दोर झाला, वरची घंटा मी दोनदा वाजवली. भाल्याने पुन्हा दगा दिला.

भिंतीपाशी आले. दोन प्रयत्न केले, दोन्ही फसले. शेजारी माझ्याच वयाची एक बाई कमरेवर हात ठेवून भिंतीकडे बघत होती. ती नजर माझ्या ओळखीची होती. मी गुडघा टेकला, मांडी पुढे केली. "मी जड आहे हो," ती म्हणाली. होतीच. तिचा बूट खांद्यावर आला तेव्हा त्या मुलाने तेव्हा "लवकर काकू" का म्हटलं ते कळलं, खाली बसलेल्याला एकेक सेकंद मोजावा लागतो. ती वर गेली आणि मग वरून तिनेच मला ओढलं. खांदा चार दिवस निळा होता.

आमच्या पलीकडे एक उंच गृहस्थ होते. दोघातिघांनी मांडी पुढे केली, त्यांनी हात जोडून नको म्हटलं. चारदा आपटले. पाचव्यांदा एकटे वर गेले, माथ्यावर क्षणभर डोळे मिटून बसले. त्यांच्याकडे पाहून मला हेवा वाटला. तो वाटायलाच हवा होता, ते चढले होते.

सहा फुटी भिंत मी आता एकटीने ओलांडते. आठ फुटीवर बोटं अडकतात, टिकतात, पण कोपर काही वर जात नाही. त्यामुळे पुढच्या खेपेला मी भिंतीशी घुटमळताना दिसले तर जरा गुडघा टेका. पाय मांडीच्या मुळाशीच ठेवीन, आणि लवकर चढेन.