दिवस राहिलेत आणि डिप्रेशनची गोळी चालू आहे

किटवर दोन रेघा उमटल्या की बऱ्याच जणी त्याच दिवशी गोळी बंद करतात, कुणालाही न विचारता. बाळाच्या काळजीपोटीच करतात. पण या सगळ्या काळात मला सर्वांत जास्त भीती वाटते ती याच निर्णयाची.

रेघा दिसतात तोवर साधारण पाचवा आठवडा लागलेला असतो आणि बाळाचं हृदय घडायला सुरुवात झालेली असते. त्या दिवशी गोळी टाकून दिली तरी मागचे आठवडे पुसले जात नाहीत. एकदम थांबवल्याने चक्कर येते, झोप उडते, मळमळतं, डोक्यात करंट लागल्यासारखे झटके बसतात. पॅरॉक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिन या डिप्रेशनच्या गोळ्या शरीरातून लवकर निघून जातात, म्हणून त्यांच्या बाबतीत हा त्रास जास्त होतो. फ्लुओक्सेटिन बरेच दिवस रेंगाळतं, त्यामुळे कमी. मळमळ डोहाळ्यांच्या खात्यात जमा होते आणि खरं कारण कुणाच्या लक्षातच येत नाही. त्यानंतर आजार परततो. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, डिप्रेशन पूर्वी वारंवार झालेल्या पण गरोदर राहताना बऱ्या असलेल्या स्त्रियांपैकी औषध थांबवणाऱ्या ६८ टक्के जणींना ते पुन्हा झालं. चालू ठेवणाऱ्यांत हे प्रमाण २६ टक्के होतं. जेवण तुटलेली, तपासण्या चुकवणारी, जगणं नकोसं झालेली आई हाही बाळासाठी धोकाच आहे. जीव द्यावासा वाटत असेल तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. घरातल्या कुणाला तरी लगेच सांगा, जवळचं इस्पितळ गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो.

आता बाळाबद्दल. कोणतंही औषध न घेणाऱ्या स्त्रियांतही १०० पैकी सुमारे ३ बाळांमध्ये जन्मतः मोठा दोष असतो. सर्ट्रालिनसारख्या गोळ्यांनी हा आकडा फारसा हलत नाही. पॅरॉक्सेटिनबाबत मात्र हृदयदोषाची शक्यता किंचित वाढल्याचं दिसलं आणि २००५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने तसा इशारा दिला. मूल हवं असेल तर आधीच बोलून गोळी बदलता येते. दिवस राहिल्यावर घाईने स्वतःच बदलू नका. चिठ्ठीवर सोडियम व्हॅल्प्रोएट असेल तर गोष्ट पूर्ण वेगळी. ते डिप्रेशनचं औषध नाही, पण मूड स्थिर ठेवायला सोबत दिलं जातं आणि त्याने १०० पैकी सुमारे १० बाळांत दोष आढळतात. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना फोन करा.

शेवटच्या तिमाहीत रक्ताचं प्रमाण वाढतं, यकृताचा वेग बदलतो, आणि आधी पुरणारी ५० मिलिग्रॅमची गोळी कमी पडू शकते. रडू येणं, पहाटे जाग येणं पुन्हा सुरू झालं तर डोस वाढवावा लागतो. ‘बाळंतपण जवळ आलंय, आता कमी करू’ हा घरगुती हिशोब इथे उलटा पडतो.

स्त्रीरोगतज्ज्ञांच्या फाइलवर गोळीचं नाव आणि डोस लिहून घ्या, सासरी कळेल या भीतीने लपवू नका. या गोळ्यांमुळे प्रसूतीनंतर रक्तस्राव थोडा जास्त होण्याची शक्यता असते, त्यांना तयारी ठेवता येते. उलट्यांसाठी ऑन्डान्सेट्रॉन देणार असतील तर एस्सिटॅलोप्रॅम ही डिप्रेशनची गोळी चालू असल्याचं आवर्जून सांगा. दोन्हींचा हृदयाच्या ठोक्यांच्या लयीवर परिणाम होऊ शकतो.

शेवटपर्यंत गोळी चालू असेल तर जन्मल्यावर १० पैकी साधारण ३ बाळं थरथरतात, किरकिर करतात, दूध नीट ओढत नाहीत किंवा भराभर श्वास घेतात. हे बहुधा पहिल्या ४८ तासांत दिसतं आणि काही दिवसांत आपोआप जातं. म्हणून बालरोगतज्ज्ञांना आधीच कळवावं, आणि निदान दोन दिवस डिस्चार्जची घाई करू नये. फुफ्फुसातल्या रक्तदाबाची गंभीर अडचण दुर्मीळ आहे: गोळी चालू असताना १,००० पैकी सुमारे २ ऐवजी ३ बाळांत.

सर्ट्रालिनवर अंगावर पाजता येतं. दुधातून बाळाला पोचणारा भाग वजनाच्या हिशोबाने आईच्या डोसच्या २ टक्क्यांहूनही कमी असतो, आणि पाजण्याच्या वेळा गोळीशी जुळवत बसायची गरज नसते. बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल, वजन वाढत नसेल किंवा पाजायला उठवूनही झोपूनच राहत असेल, तर मात्र लगेच दाखवा.