गॅरेजातला मुद्देमाल

झडतीचं वॉरंट पोलिसांच्या हातात असतं, पण समोरचा माल चोरीचा आहे हे दाखवायला दुकानाचा माणूस लागतो. म्हणून कॅलिफोर्निया हायवे पेट्रोल या राज्य पोलीस दलाच्या पथकानं आम्हाला एका संशयिताच्या घरी बोलावलं होतं. संघटित दुकानचोरी रोखण्यासाठी राज्यानं हे पथक २०१९ मध्ये उभं केलं. मी औषधांच्या एका मोठ्या दुकानसाखळीच्या वतीनं अशा चोऱ्यांचा तपास करतो. आणखी दोन दुकानांचे तपासनीसही आले होते.

गॅरेजात लोखंडी रॅक, त्यांवर अॅलर्जीच्या गोळ्या, रेझरची पाती, दात पांढरे करायच्या पट्ट्या आणि तान्ह्या बाळांच्या दुधाच्या पावडरीचे डबे. मधल्या टेबलावर हीट गन, लायटर फ्लुइड, चिंध्या. गरम हवेनं लेबल सैल करायचं, फ्लुइडनं गोंद पुसायचा, की डबा कुठल्या दुकानातला ते कळू नये.

इथेच बहुतेक प्रकरणं अडतात. डब्यावरचा बारकोड उत्पादकाचा असतो, देशभर तोच, त्यामुळे नुसत्या बारकोडवरून मालकी ठरत नाही. आम्ही आधी कचऱ्याची पिशवी मागितली. सोललेली लेबलं गोळा होऊन तिथेच पडली होती. एकेक उलगडून सपाट केलं तेव्हा आमच्या शाखांचे क्रमांक वाचता आले. एका पाकिटाच्या झाकणाच्या घडीत आमचा सुरक्षा टॅग अजून चिकटलेला होता, साफ करणाऱ्याच्या नजरेतून तो सुटला होता.

दुसरी खूण लॉट नंबरची, म्हणजे एकत्र बनलेल्या मालावर छापलेल्या क्रमांकाची. घाऊक घेतलेल्या मालाच्या सीलबंद खोक्यात साधारण एकाच लॉटची पाकिटं असतात, आणि बिल असतं. इथे रॅकच्या एकाच कप्प्यात वेगवेगळे लॉट, वेगवेगळ्या मुदती आणि बिल एकही नाही. लॉट नंबर एकटा काही सिद्ध करत नाही, पण आमच्या गोदामातून कुठला लॉट कुठल्या शाखेला गेला याच्या नोंदीशी जुळवला की वजन येतं.

मोजणी आम्ही घाईनं करत नाही. आधी प्रत्येक रॅकला क्रमांक, हात लावण्यापूर्वी फोटो, मग एकानं वाचायचं आणि दुसऱ्यानं लिहायचं: बारकोड, लॉट, मुदत, नग. किंमत लावताना त्या काळातली दुकानातली विक्रीची किंमत धरायची. सवलत चालू असेल तर सवलतीची. पूर्ण किंमत लावली की बचावपक्षाचा वकील पहिल्यांदा तीच यादी फाडतो. मालकी ठरत नाही तो माल वेगळ्या ढिगात, मूळ यादीत मिसळायचा नाही.

एवढा काटेकोरपणा ९५० डॉलरच्या रेषेसाठी. २०१४ च्या प्रपोझिशन ४७ नंतर (प्रपोझिशन म्हणजे राज्यातल्या मतदारांनी थेट मतदानानं मंजूर केलेला कायदा) त्याखालची चोरी सहसा किरकोळ गुन्हा ठरत आली. ऑगस्ट २०२४ मध्ये कायद्यांचा एक गठ्ठा मंजूर झाला आणि १ जानेवारी २०२५ पासून विकण्यासाठी ठेवलेला चोरीचा माल ९५० डॉलरच्या वर गेला तर तो बाळगणं हाच स्वतंत्र गुन्हा झाला, चोरी कुणीही केलेली असो. वेगवेगळ्या काउंटींतल्या, म्हणजे जिल्ह्यांतल्या, चोऱ्या एका खटल्यात आणायची वाटही मोकळी झाली. नोव्हेंबर २०२४ च्या प्रपोझिशन ३६ मुळे चोरीच्या दोन जुन्या शिक्षा असलेल्याची पुढची चोरी, रक्कम कितीही असो, गंभीर गुन्हा म्हणून चालवता येते. माझ्या मते खरा फरक पडला तो माल बाळगण्याच्या कलमानं. पिशवी भरून पळणारी पोरं बदलत राहतात, गॅरेजवाला तोच असतो.

दुकानातल्या चोऱ्यांशी दुवा जोडायला व्हिडिओ लागतो. कॅमेऱ्याचं घड्याळ आणि बिलिंगचं घड्याळ यांत काही मिनिटांचा फरक असतो, तो लिहून ठेवला नाही तर न्यायालयात गोंधळ उडतो. शिवाय जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं, म्हणून चोरी कळल्याबरोबर ते काढून ठेवावं लागतं.

आतल्या खोलीत लॅपटॉप आणि पार्सलची लेबलं होती. विक्री ऑनलाइन, अनेक नातेवाइकांच्या नावांवरच्या खात्यांतून. २७ जून २०२३ पासून लागू झालेल्या इन्फॉर्म कन्झ्युमर्स या अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार सलग बारा महिन्यांत नव्या वस्तूंचे २०० किंवा जास्त व्यवहार आणि ५,००० डॉलर उलाढाल झाली की ऑनलाइन बाजारपेठेला विक्रेत्याचं बँक खातं, कर क्रमांक आणि संपर्क तपासावा लागतो. विक्री अनेक खात्यांत विभागायची ती या मर्यादेखाली राहायला. पैसे मात्र शेवटी एकाच बँक खात्यात जात होते, आणि पथकानं ते कागद त्याच दिवशी ताब्यात घेतले.

फोटो आणि यादी पुरावा म्हणून ठेवून माल परत मिळू शकतो. पण दुधाच्या पावडरीचे डबे आम्ही शेल्फवर ठेवत नाही. बंद गॅरेजात, किती उन्हाळ्यात, किती दिवस ते राहिले हे कुणालाच सांगता येत नाही, आणि ते तान्ह्या बाळाच्या पोटात जाणार असतात. न्यायालयाची परवानगी आली की ते सगळे नष्ट होतात.