तुम्ही विचारलंत म्हणून: हवेची गादी आणली, तरी कूस बदलायची का?

अंथरुणाला खिळलेला पेशंट घरी न्यायची वेळ आली की नातेवाईक विचारतात, "सिस्टर, हवेची गादी घेतली आहे. तरी दर 2 तासांनी कूस बदलायलाच हवी का?"

हवीच. गादी दाब इकडून तिकडे फिरवते, तो नाहीसा होत नाही. माकडहाड, खुबे, टाचा इथे हाडावर मांस कमी. तिथलं रक्त अडलं की कातडी मरते आणि जखम होते, तिलाच बेडसोअर म्हणतात. गादीवर गोधडी किंवा रबरी शीट घातली तर तिचा उपयोगच गेला. एकच पातळ सुती चादर घाला; मुंबईच्या घामात तर रबर नकोच. पेशंट झोपलेला असताना गादीखाली, माकडहाडाच्या जागी हात सरकवा. हाड हाताला लागलं तर हवा कमी आहे.

सगळ्यात जास्त नुकसान ओढण्यानं होतं. काखेत हात घालून वर खेचलं की कातडी चादरीला धरून राहते, आतलं मांस सरकतं आणि जखम आतून सुरू होते. म्हणून जुनी चादर दुहेरी करून खांद्यांपासून मांड्यांपर्यंत अंगाखाली ठेवा. दोघांनी दोन्हीकडून कडा अंगालगत गुंडाळून धरायच्या आणि एकदम उचलायचं. आपल्याकडे पलंग भिंतीला लागलेला असतो. तो हातभर पुढे घ्या, नाहीतर दुसरा माणूस उभा कुठे राहणार? लघवीची नळी ताणली जात नाही ना, ते आधी बघा. आणि पेशंट बोलत नसला तरी "आता डावीकडे वळवतोय" असं सांगाच. त्याला ऐकू येत असू शकतं.

पूर्ण कुशीवर नको, खुब्यावर भार येतो. पाठीला उशी देऊन 30 अंश कलतं ठेवा. एक उशी गुडघ्यांमध्ये, एक पोटऱ्यांखाली. टाचा अधांतरी राहिल्या पाहिजेत. माकडहाडाखाली ठेवायची, मधे भोक असलेली रिंग घेऊ नका, तिच्या कडेनं रक्त अडतं.

नाकातल्या नळीनं भरवायचं असेल तर आधी कूस बदला, मग भरवा.

दर वेळी पाठ बघा. लाल डाग बोटानं दाबून सोडा. दाबल्यावर पांढरा न होता लालच राहिला, तर बेडसोअर सुरू झाला आहे. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तिथे हात लावून बघा, आजूबाजूपेक्षा गरम किंवा कडक लागेल. तो भाग चोळू नका, स्पिरिट लावू नका, त्या अंगावर झोपवू नका. कातडी सुटली, काळी पडली किंवा वास आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.