‘तोडून राहिले’ आणि इंग्रजीचा चालू काळ

मी राहते नागपुरात, शाळा काटोल तालुक्यात. जिल्हा परिषदेची, पाचवीचा वर्ग. महाराष्ट्रात 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासूनच आहे. म्हणजे माझ्याकडे येईस्तोवर पोरांची चार वर्षं झालेली असतात. तरी जुलैत पुस्तकं उघडली तर प्रत्येक ओळीवर पेन्सिलीनं देवनागरी उच्चार लिहिलेला. वाचन खणखणीत. अर्थ विचारला की सगळे खाली बघत.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबत निघते; रोगराई, पीडा घेऊन जा म्हणत तिचा पुतळा गावाबाहेर नेतात. त्या मारबतीच्या दुसऱ्या दिवशी धडा सुरूच होईना. कोणी नागपूरची काळी-पिवळी मारबत बघून आलेलं, बाकीच्यांनी दारातली मेढी, म्हणजे पळसाची फांदी, गावाबाहेर नेऊन टाकलेली. मीच फळ्यावर लिहिलं, ‘घेऊन जा गे मारबत’, आणि खाली इंग्रजीत, ‘टेक अवे’. आज्ञार्थी वाक्याला कर्ता लागत नाही, काळ लागत नाही. पोरं सुटलीच. टेक अवे फीवर, मारबत! टेक अवे लोडशेडिंग, मारबत! एका मुलीनं विचारलं, “म्याडम, कोळशीले काय म्हणते?” संत्र्याची पानं काळी पाडणाऱ्या त्या किडीचं इंग्रजी नाव मी फोनवर शोधलं. ‘टेक अवे ब्लॅकफ्लाय’ हे वाक्य त्या वर्गाला पुस्तकातल्या कुठल्याही वाक्यापेक्षा पक्कं आठवतं.

खरी गाठ सुटली ती नोव्हेंबरात. संत्र्याच्या आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडावर येणाऱ्या फळांची, तोडणी सुरू होती, निम्मी पोरं गैरहजर. भाऊ का आला नाही विचारलं तर एक जण म्हणाला, “तो संत्रा तोडून राहिला.” मी सवयीनं दुरुस्त केलं, “तोडत आहे म्हण.” आणि थांबले. शाळेत माझीही बोली अशीच दुरुस्त झाली होती, तीच मी पुढे चालवत होते. आणि चालू काळ तर त्या पोराच्या तोंडात आधीपासूनच होता! फळ्याचे दोन भाग केले. बाबा रोज चहा पिते. बाबा आत्ता चहा पिऊन राहिले. ‘ड्रिंक्स’, ‘इज ड्रिंकिंग’. ‘राहिले’ आलं की ‘इज’ आणि ‘आयएनजी’, एवढंच सांगितलं. मग बागेतली सगळी कामं आली: तोडणं, छाटणं, पेटीत भरणं, गाडीत चढवणं. आठवड्यापूर्वी मान खाली घालून बसणारी पोरं खिडकीतून बघत वाक्यं बोलू लागली.

पालकसभेत एक काका चिडले. “संत्रंच तोडाचं असन तर इंग्रजी कायले पाह्यजे, म्याडम? पोट्टं बागेतून बाहेर निघावं म्हणून शिकवून राहिलो आमी.” त्यांचा राग मला पटला. बाजारात पडलेल्या भावाचे चटके सोसलेला माणूस होता तो. मी वाद घातला नाही, मुलाला उभं केलं. बाप सकाळपासून काय काय करतो ते त्यानं सात वाक्यांत इंग्रजीत सांगितलं. काका काही बोलले नाहीत, पण सभा संपेस्तोवर बसले.

बोली सगळीकडे पुरत नाही. ‘मले समजून राहिलं’चं पोरं हटकून ‘आय अ‍ॅम अंडरस्टँडिंग’ करतात; ‘अंडरस्टँड’ला तसं जोडत नाहीत हे अजून वेगळं घोटून घ्यावं लागतं. आणि ‘अ’, ‘अ‍ॅन’, ‘द’साठी मराठीत धरायला काहीच नाही. सध्या संत्र्याच्या पेटीवरच खटपट चालू आहे: पेटीतलं कुठलंही एक म्हणजे ‘अ‍ॅन ऑरेंज’, तुझ्या हातातलं ते ‘द ऑरेंज’.