यावर लिहू नये

मेमरी कार्डावर इमेज "लिहितेय" असं मी म्हटलं की बाबा हमखास विचारतात, अगं पण पेन कुठंय? आणि खरं सांगू का, हा शब्द मलाही आधी विचित्रच वाटायचा. फोटो आपण कॉपी करतो, पिक्चर डाउनलोड करतो, मग रास्पबेरी पाय नावाच्या त्या चिमुकल्या कॉम्प्युटरसाठीच तेवढं कार्ड "लिहायचं" का?

कारण कॉपी करून चालत नाही. मी पहिल्यांदा तेच केलं होतं. पायची ऑपरेटिंग सिस्टिम असलेली ती इमेज, म्हणजे डॉट आयएमजी फाईल, उतरवली, कार्डावर नेऊन टाकली, कार्ड पायमध्ये घातलं, लाल दिवा लागला आणि हिरवा दिवा काही केल्या हलेना. खोक्यातला फ्रिज तसाच किचनमध्ये ठेवून गार का होत नाही म्हणून बघत बसावं, तसला प्रकार. इमेज म्हणजे दुसऱ्या एका कार्डाची पहिल्या बिटापासूनची हुबेहूब नक्कल, पार्टिशन टेबल (कार्डाचे भाग कुठून कुठे याची यादी), चालू होण्यापुरता छोटा भाग, मागचा मोठा भाग, मधल्या रिकाम्या जागासुद्धा. ती कार्डाच्या अगदी सुरुवातीपासून उमटवावी लागते, आणि तिथे आधी जे काही होतं त्याची चौकशी कोणी करत नाही.

पायचं मला कौतुक आहे ते त्याच्या किमतीमुळे. केंब्रिजच्या लोकांनी २९ फेब्रुवारी २०१२ ला तो बाजारात आणला (वाढदिवस चार वर्षांतून एकदा, खर्च कमी), पहिलं मॉडेल बी ३५ डॉलरचं. आणि २०१५ मध्ये पाय झीरो आला ५ डॉलरला, तो तर त्यांच्या मासिकाच्या मुखपृष्ठावर चिकटवून फुकट दिला होता. आपल्याकडे दिवाळी अंकासोबत राशीभविष्याची पुरवणी मिळते, तिकडे आख्खा कॉम्प्युटर! फक्त त्याला स्वतःची हार्डडिस्क नसते, त्याचं सगळं डोकं त्या १५ बाय ११ मिलिमीटरच्या कार्डात, ते काढलं की उरते ती नुसती हिरवी पट्टी.

तर झालं असं. घरातल्या वायफायवर जाहिराती अडवायला मी पाय लावायचं ठरवलं. सोळा जीबीचं नवं कार्ड आणलेलं, काळं. बाबांच्या फोनमधलं कार्डही सोळा जीबीचं, तेही काळंच, आणि ते त्या दिवशी माझ्याच टेबलावर कारण आत्याकडचे फोटो त्यांना त्यात भरून हवे होते. माझ्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स, आणि त्यावर हे काम करायचं तर डीडी नावाची जुनी कमांड आहे, आयएफ म्हणजे कुठून घ्यायचं, ओएफ म्हणजे कुठं ओतायचं, बास. लोक तिला गमतीनं डिस्क डिस्ट्रॉयर म्हणतात ते उगीच नाही. एरवी कॉम्प्युटर आपल्याला साधी फाईल उडवतानाही दोनदा विचारतो, नक्की का, खरंच का, आणि आपण न वाचता हो हो करत सुटतो, पण डीडी एका शब्दानं विचारत नाही. मी नीट बघितलं होतं बरं का, लिनक्सच्या यादीत लॅपटॉपची डिस्क एसडीए नावानं, कार्ड एसडीबी नावानं, साईज १४.८ (सोळाचं कार्ड तिथे एवढंच दिसतं), सगळं बरोबर. फक्त अडॅप्टरमध्ये कार्ड कुठलं आहे ते बघितलं नाही. एंटर मारलं, चहा टाकला, पाच-सहा मिनिटांनी येऊन बघते तर काम फत्ते, आणि टेबलावर नवं कार्ड त्याच्या प्लॅस्टिकमध्ये तसंच.

बाबांच्या कार्डात फोटो वगैरे फार नव्हते. गाणी होती. काही वर्षांपूर्वी स्टँडजवळच्या एका मोबाईलच्या दुकानात पन्नास रुपये देऊन भरून आणलेली, नाट्यगीतं, अभंग, दोन-तीन कीर्तनं. मी ते कार्ड तसंच बाहेर काढलं, पायमध्ये घातलं नाही, हा त्या दिवसातला माझा एकमेव शहाणपणा. कारण पाय पहिल्यांदा चालू झाला की मागचं पार्टिशन, म्हणजे तो मोठा भाग, ताणून आख्खं कार्ड व्यापतो आणि मग उरलंसुरलंही धोक्यात. इमेज होती पाचेक जीबीची, म्हणजे सुरुवातीचे पाच जीबी गेले ते गेलेच, पण त्यामागचं अजून जिथल्या तिथे पडलेलं. फोटोरेक नावाचं पुसलेल्या फाईली शोधून काढणारं सॉफ्टवेअर लावलं, रात्रभर चाललं.

सकाळी गाणी आली, पण नावं नाहीत. एफ आणि पुढे सात आकडे, अशी शेकड्यानं. गाण्याच्या आतली माहिती उघडून बघावी तर गायकाच्या जागी कुठल्यातरी फुकट्या साईटचा पत्ता. शिवाय दुकानदारानं आधी भरलेलं आधी गेलं होतं, म्हणजे कीर्तनं आणि बरेचसे अभंग, आणि कार्डात जागा उरली म्हणून त्यानं स्वतःच्या मनानं शेवटी जे काही कोंबलं होतं, हळदीतली डीजे गाणी, ते सगळं ठणठणीत वाचलेलं.

बाबा रागावले नाहीत, ते रागावले असते तर बरं झालं असतं. वही घेऊन बसले. मी गाणं लावायचं, त्यांनी नाव सांगायचं. तंबोरा लागला, ऑर्गनचे पहिले दोन सूर आले की हात वर, थांब, झालं. मी तीन सेकंदांच्या वर एकही गाणं ऐकू शकले नाही! दोन गाणी सुरुवातीलाच तुटलेली होती, मधूनच तान सुरू व्हायची, तीही त्यांनी ओळखली. एकाला मात्र अडले, चारदा लावलं, मग वहीत लिहिलं, "भीमपलास. घसा बसलेला." डीजेवाली उडवू का विचारलं तर म्हणाले राहू दे, पन्नास रुपयांत आलीत.

गाणी नावानिशी परत कार्डात भरली. ओळखायला म्हणून मी त्या कार्डाच्या पाठीवर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. बाबांचा ठिपक्यावर विश्वास नाही. आता फोनमधून कार्ड काढायची वेळ आली की ते आधी एका पाकिटात जातं, औषधाच्या गोळ्यांचं छोटं कागदी पाकीट, आणि त्यावर त्यांच्या अक्षरात, पेनानं: भरलेले आहे. यावर लिहू नये.