मार्केट उठलं म्हणे, पण वरचा मजला नकाशातच नव्हता

मी बँकांच्या पॅनलवरचा व्हॅल्युअर आहे. म्हणजे तुम्ही होम लोनचा अर्ज केला की खिशात लेझर मीटर घेऊन जो माणूस घर बघायला येतो, खोल्या मोजतो, मीटरच्या बोर्डाचे पण फोटो काढतो, चहा पितो आणि आकडा काही सांगत नाही, तो मी. आकडा साइटवर सांगायचा नाही हा नियमच आहे, रिपोर्ट सरळ बँकेत जातो, त्यामुळे घेणारा आणि विकणारा दोघं पण आमच्यावर थोडे चिडलेलेच असतात आणि त्याची आता सवय झाली आहे.

ही गोष्ट २०२५ च्या दसऱ्याच्या आसपासची. तेव्हा कामाची नुसती रांग लागली होती. फेब्रुवारी ते जून या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो रेट, ज्यावर होम लोनचं व्याज हलतं तो, साडेसहावरून साडेपाचवर आणला होता, आणि लोकांना टक्का दिसत नाही पण हप्ता दिसतो, ६० लाखांचं वीस वर्षांचं लोन साडेआठने घेतलं तर महिन्याला बावन्न हजार आणि साडेसातने घेतलं तर साडेअठ्ठेचाळीसच्या आत, एवढ्या फरकात माणूस टू बीएचके सोडून स्वतंत्र घराकडे बघायला लागतो. नागपूरच्या माणसाला तर फ्लॅट हा पहिल्यापासून नाइलाजच वाटतो. स्वतःचा १५०० फुटांचा प्लॉट, समोर गाडी, मागे आंब्याचं नाही तर लिंबाचं झाड, हे पाहिजेच.

आणि मार्केट खरंच उठलं होतं, ते मी नाकारत नाही. मी हा धंदा मिहानच्या, म्हणजे विमानतळाजवळच्या कार्गो हब आणि सेझच्या प्रकल्पाच्या, हवेपासून बघतोय, वर्धा रोडला शेताच्या धुऱ्यावर बोर्ड लागायचे आणि भाव महिन्याला बदलायचा तेव्हापासून. मग ती हवा उतरली, नोव्हेंबर २०१६ ला नोटबंदी झाली, २०१७ च्या मे महिन्यात बिल्डरांवर लगाम घालणारा रेरा कायदा लागू झाला आणि काही वर्षं आमच्याकडे निम्मं काम थकीत खात्यांचंच यायचं. २०२० मध्ये सरकारने सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत स्टॅम्प ड्युटी पाचवरून दोन टक्क्यांवर आणली तेव्हा पहिल्यांदा हालचाल दिसली. नंतर मेट्रो खापरीपासून ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत पूर्ण धावायला लागली, जून २०२५ ला समृद्धी महामार्ग शेवटपर्यंत उघडला, आणि आता तर ज्याच्याकडे घर आहे त्याला वाटतं की आपण करोडपती झालो, फक्त गिऱ्हाईक यायचं बाकी आहे.

तर केस. मानेवाड्याकडून आत, १९०० ले-आऊटमधलं घर. बाहेरच्यांसाठी सांगतो, नागपुरात ५७२ आणि १९०० हे आकडे लोक असे बोलतात जसे मोहल्ल्यांची नावं. शेतजमिनीवर परवानगी न घेता पडलेले एवढे-एवढे ले-आऊट, तेच हे आकडे, नंतर नियमित व्हायला लागले, १९०० वाले २००१ च्या गुंठेवारी कायद्याने, डिमांड म्हणजे मागितलेलं शुल्क भरलं की नासुप्रचं, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासचं, नियमितीकरणाचं पत्र मिळतं, त्यालाच सगळे आरएल म्हणतात. प्लॉट दाखवणारा काही पण सांगो, पहिला प्रश्न ‘आरएल आहे का’ हाच. इथे होतं. काकांनी दारातच ते लॅमिनेट केलेलं पत्र माझ्या हातात दिलं, एखाद्या जिंकलेल्या कपासारखं.

काका रिटायर झालेले, मुलगा पुण्यात, आता दोघं नवरा-बायको तिकडेच जाणार, म्हणून घर विकायचं. घेणारं जोडपं पण आलं होतं, तो मिहानमध्ये आयटीत, ती एका शाळेत अकाउंट्स बघते. सौदा ७८ लाखांत ठरलेला. काकांचं मूळ म्हणणं ८५ होतं, आणि ते ७८ ला आले म्हणजे यांच्यावर उपकार केले असं त्यांच्या बोलण्यात दर दोन वाक्यांनी यायचं.

“पेपरात रोज येऊन राहिलं साहेब, भाव वाढून राहिले म्हणून. आमच्या लाइनीतलं कोपऱ्याचं घर पंच्याऐंशीला गेलं. मी काहून कमी घेऊ?”

घेणाऱ्या पोराने पण पेपर वाचला होता. सिमेंटचा जीएसटी २८ चा १८ झाला, बांधकाम स्वस्त होणार, मग घरं पण उतरतील ना सर? मी म्हटलं बाबा, जुन्या घराच्या व्यवहारात जीएसटी येतच नाही, आणि हे सिमेंट कधीच वाळलं. एकाच पेपरातून विकणाऱ्याला वरचा भाव दिसतो आणि घेणाऱ्याला खालचा, ही मजा मी रोज बघतो.

मोजायला लागलो. खालचा मजला नकाशाबरोबर टाकून बघितला, नकाशा म्हणजे जुनी निळी प्रिंट, घड्यांवर फाटून चिकटपट्टीने जोडलेली, पण शिक्का नीट वाचता येत होता. नकाशात जिथे पोर्च होता तिथे काकांनी भिंत घालून खोली काढलेली, ते ठीक, निम्म्या नागपुरात असंच आहे. मग वर गेलो. वरचा मजला खालच्यापेक्षा छान, टाइल्स मोठ्या, समोर बाल्कनी, आणि ती बाल्कनी मार्जिनच्या, म्हणजे घराभोवती मोकळी सोडायच्या, जागेत चांगली बाहेर आलेली. मी विचारलं याचा नकाशा? काका म्हणाले तोच ना. मी परत प्रिंट उघडली. तळमजला, वर नुसती गच्ची आणि पाण्याची टाकी.

“२०१६ ला बांधला साहेब. मिस्त्री म्हणे काही लागत नाही, सगळेच बांधून राहिले.”

आता इथे थोडं थांबून सांगतो कारण लोकांना हे माहीत नसतं आणि मग बँकेने आम्हाला फसवलं म्हणतात. बँक लोन देते ते सौद्याची किंमत आणि आमचं व्हॅल्युएशन यात जे कमी असेल त्यावर. ३० ते ७५ लाखांच्या मधलं लोन असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने जास्तीत जास्त ८० टक्के, आणि स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन त्यात धरत नाहीत, ते खिशातून. आता या घराचं बघा. १५०० फुटांच्या प्लॉटला मी फुटाला ३६०० धरले, झाले ५४ लाख. तळमजल्याचं बांधकाम वयाची घट वजा करून दहा. वरचा मजला, ज्याला मंजुरी असती तर मी अकरा लाख डोळे झाकून लावले असते, तो या बँकेच्या हिशोबात शून्य. ६४. त्याचे ८० टक्के म्हणजे ५१ लाख २० हजार, आणि जोडपं गृहीत धरून बसलं होतं ७८ चे ८० टक्के, बासष्ट-चाळीस. अकरा लाखांचा खड्डा, आणि तो भरायला बयाण्याच्या वर त्यांच्याकडे फार काही नव्हतं हे पोराच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

हे मी तिथे बोललो नाही. पण वरचा मजला मंजूर नाही हे तर सांगावंच लागतं, फोटोखाली लिहायचं असतं. तेवढ्यात लोन करून देणाऱ्या एजंटचा फोन, सर पार्टी चांगली आहे, जरा बसवून द्या ना व्हॅल्युएशन. हे ‘बसवून द्या’ दिवसातून एकदा तरी ऐकावं लागतं. अरे कशावर बसवू, गच्चीवर?

खाली चहा आला. काकूंनी सोबत चिवडा पण दिला. काका आता घाबरले होते पण आवाज चढवूनच बोलत होते, कोपऱ्याच्या घराचं पुन्हा काढलं. मी मोबाइलवर नोंदणी विभागाचं ई-सर्च उघडलं, कुणाला पण फुकट बघता येतं, गाव आणि नंबर टाकला की रजिस्ट्री झालेल्या व्यवहाराचा इंडेक्स टू, म्हणजे किंमत वगैरे लिहिलेला गोषवारा, निघतो. कोपऱ्याचं घर ६१ लाख. काका म्हणाले हे कागदावरचं, बाकीचे वरून दिले असतील. असतील पण. मी दोन्ही आकड्यांवर विश्वास ठेवत नाही, रजिस्ट्रीचा आकडा लोक रेडीरेकनरला, म्हणजे ड्युटीसाठी सरकारने ठरवलेल्या दराला, टेकवून खाली ठेवतात आणि शेजाऱ्याला सांगताना वर नेऊन ठेवतात, खरा भाव मधे कुठेतरी असतो आणि तो शोधायचेच मला पैसे मिळतात. रेडीरेकनर पण २०२२ नंतर थेट एप्रिल २०२५ ला वाढले, तोपर्यंत ते बाजाराच्या किती मागे राहिले ते कुणी पण सांगेल.

वरून दिलेले म्हटल्यावर काकांना आठवलं. जोडप्याकडे बघून म्हणाले, “आपण पण तसंच करू ना बेटा. रजिस्ट्री पासष्टची, तेरा मला नगदी द्या. तुमची ड्युटी वाचते, माझा टॅक्स वाचतो.”

पोरगा गप्प. त्याला बहुतेक बरंच वाटलं असावं. मुलगी म्हणाली, “काका, तुम्ही हे घर किती घेतलं होतं?”

२०१२ ला, ३४ लाखांत, पण रजिस्ट्री २२ ची. काकांनी हे अगदी अभिमानाने सांगितलं, तेव्हा साठ-सत्तर हजार ड्युटी वाचवली म्हणून.

ती म्हणाली, “मग तुमचा टॅक्स २२ पासून मोजणार.”

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी सीए नाही, पण हे कागद रोज हातात असतात, म्हणून नकाशाच्या झेरॉक्सच्या मागे मांडून दाखवलं. जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला दोन रस्ते आहेत, एक तर सरळ नफ्यावर साडेबारा टक्के, नाही तर महागाईचा निर्देशांक लावून उरलेल्यावर वीस टक्के, ज्यात कमी बसेल ते घ्यायचं. ७८ ला विकलं तर पहिल्या रस्त्याने ५६ लाख नफा, टॅक्स ७ लाख. दुसऱ्याने, २०१२-१३ चा निर्देशांक २०० आणि २०२५-२६ चा ३७६, २२ चे होतात एक्केचाळीस-छत्तीस, टॅक्स सव्वासातच्या वर. म्हणजे ७ लाख पक्के, वर सेस. आणि रजिस्ट्री खऱ्या ३४ ची असती तर? निर्देशांकाने जवळजवळ ६४ लाख झाले असते, नफा उरला असता चौदा, टॅक्स दोन लाख ऐंशी हजार. तेव्हाच्या साठ-सत्तर हजारांसाठी आता चार लाखांच्या वर. वरच्या मजल्याचा खर्च तरी जोडता आला असता, पण त्याची बिलं? मिस्त्रीला नगदी दिलेले. दुसरं घर ठरल्या मुदतीत घेतलं तर सूट होती, पण काकांना घर घ्यायचंच नव्हतं, मुलाकडे राहायचं होतं, मग उरले सहा महिन्यांत घ्यायचे ते सरकारी कंपन्यांचे बॉन्ड, पाच वर्षं पैसे अडकून.

काकूंनी कप उचलता उचलता एवढंच म्हटलं, “मी तेव्हाच म्हटलं होतं.” नेमकं काय म्हटलं होतं ते कुणी विचारलं नाही.

मुलगी मात्र पक्की निघाली. “काका, तेरा नगदी दिले तर आम्ही विकू तेव्हा आमचं पण हेच होईल. सगळे बँकेतूनच देऊ. आणि पन्नासच्या वर आहे म्हणजे एक टक्का टीडीएस पण कापून भरू, तुमच्या पॅनवर दिसेल.” मग नवऱ्याकडे वळून, “अन् रजिस्ट्री माझ्या एकटीच्या नावाने, एक टक्का तिथे वाचतो. लोनला तू सोबत राहा.” तिचं बरोबर होतं, एप्रिल २०२१ पासून महिलेच्या नावाने राहतं घर घेतलं तर राज्यात एक टक्का ड्युटी कमी आहे, नवऱ्याचं नाव सोबत घातलं की ती सूट जाते. नवरा हो म्हणाला. दुसरं काय म्हणणार.

मी रिपोर्ट ६४ चाच टाकला, वरचा मजला अनधिकृत असा शेरा मारून, बाल्कनीच्या फोटोसकट. एजंट दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, नंतर त्याला दुसरी फाइल लागली तेव्हा बोलला.

मला वाटलं सौदा तुटला. पण दिवाळीनंतर काकांचाच फोन आला. जोडप्याने इसारपत्र बदलून घेतलं होतं, किंमत ७२, सगळी चेकने, आणि अट ही की वरच्या मजल्याचा सुधारित नकाशा काकांनी मंजूर करून आणायचा, मगच रजिस्ट्री आणि मगच बँक पुन्हा मला पाठवणार. एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येतं त्या मर्यादेत, बसत होतं, शुल्क आणि दंड भरून होण्यासारखं होतं, अडत होती ती फक्त बाल्कनी. काकांनी आर्किटेक्ट लावला होता आणि त्याच्याशी कडाक्याचं भांडण चालू होतं, म्हणून मला फोन, की तुम्ही तरी सांगा त्याला.

“साहेब, पेपरात म्हणून राहिले घराले भाव आला. अन् हा माणूस म्हणतो भाव पाहिजे तर बाल्कनी तीन फूट तोडा. तुम्ही मोजली तेव्हा अडीचच होती ना?”

मी फाइल काढून बघितली. तीन फूट दोन इंच होती. सांगितलं तसं त्यांना, आणि फोन ठेवायच्या आधी ते बाहेर कुणाला तरी ओरडून म्हणालेले ऐकू आलं, “अरे थांब रे, हातोडा खाली ठेव, आधी काकूच्या कुंड्या काढू दे!”